बाहीचं माप

२१ ऑगस्ट

ही वही मापांची. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची छाती-कंबर, आणि आजपासून मागच्या पानांवर माझं बोलणं. मी शाळेत गेले नाही. रद्दीच्या पेपरावर खडूने ब्लाउजचे भाग आखता आखता त्याच पेपरातली अक्षरं ओळखीची झाली. अजून कधीकधी उलटीसुलटी पडतात. कोणाला वाचायला द्यायची नाहीत, तेव्हा चालेल.

बिरागो लंडनहून इथे, कुमासीजवळच्या आमच्या गावी आली. माझी एकुलती लेक, चार वर्षांनी. बरोबर तिची पोर, माझी नात, पंधरा वर्षांची. पोरीला वाटतंय तीन आठवड्यांची सुट्टी आहे. बिरागोने मला मोरीपाशी ओढलं आणि कानात म्हणाली, "आई, मी पुढच्या बुधवारी एकटीच जाणार. तिचा पासपोर्ट माझ्याजवळ राहील. तिथे ती बिघडायला लागलीय. शाळेत जात नाही, खोलीतून बाहेर येत नाही, विचारलं की नुसती बघत बसते. वर्षभर तुझ्या हाताखाली राहिली की सरळ होईल."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर विमानात बसली असती का?"

मला पटलं नाही. पण नात जवळ राहणार म्हणून आतून गुदगुल्याही झाल्या. खोटं कशाला लिहू.

२४ ऑगस्ट

कागदावर ती केझाया. मी तिला सुमिना म्हणते. जन्मापासून फोनवर हेच म्हणत आले. सुमिना म्हणजे आमच्याकडे गावाचा उकिरडा.

इथे हात जरा थांबला. हे मोठ्याने बोलायचं नसतं. पण ज्याच्यापासून लपवायचं, त्याला लिहिलेलं वाचता येत नसावं.

बिरागोची दोन बाळं वर्षाच्या आत गेली. दोन्ही त्या थंड देशात, मला तोंडही बघायला न मिळता. तिसरी झाली तेव्हा मी फोनवर सांगितलं, हिला असं नाव दे की न्यायला येणारा नाक मुरडून परत जाईल. बिरागोने पोरीचं पहिलं झबलं पोस्टाने पाठवलं. मी ते उकिरड्यावर ठेवून आले, मागे वळून पाहिलं नाही. ठरल्याप्रमाणे शेजारच्या डुफीला ते 'सापडलं'. मग टोपलीभर पामची फळं देऊन मी तिच्याकडून ते सोडवून घेतलं. झालं. पोर टाकलेली, दुसऱ्याला सापडलेली, बदल्यात घेतलेली. अशीला कोण नेतो? नाही नेलं ना पंधरा वर्षं?

नियम एकच. जिचं नाव, तिला कारण सांगायचं नाही. कारण तोंडातून बाहेर पडलं की ऐकणाऱ्याला कळतं, ही टाकलेली नव्हेच, ही तर सगळ्यांत लाडकी.

आज सकाळी डुफी मक्याच्या लापशीचं पातेलं डोक्यावर घेऊन अंगणातूनच ओरडत आली. "कुठाय माझी पोरगी? अफ्राकोमा, उकिरड्यावरून उचलली मी आणि मिरवतेस तू? माझी वस्तू मला दे नाहीतर आणखी एक टोपली काढ!"

"तुझी टोपली तू तेव्हाच खाल्लीस, म्हणून तर दारात मावत नाहीस."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पोरीला आमची भाषा अर्धीमुर्धीच कळते. तीही हसली. म्हणजे ओठ हलले.

३० ऑगस्ट

बिरागो काल गेली. पोर झोपेत असताना.

मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करेल. नाही केलं. आपली बॅग भरली, चाकं ओढत दारात आणली आणि पायरीवर बसली. दुपारी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडून शेंगदाण्याच्या रश्श्यात वाढला, तसाच राहिला, वर साय धरली. संध्याकाळी स्वतःच उठून बॅग आत नेली.

"आजी," म्हणाली, "तीन आठवडे झाले नाहीत ना अजून?"

"नाही गं."

"म्हणजे मोजण्यात माझी चूक झाली नाही."

मी लाटेवर लाट शिवत बसले, एका बाईच्या मयतीच्या कपड्यांची झालर होती. दोनदा उसवावी लागली.

४ सप्टेंबर

शाळेचा गणवेश. पुढच्या पानावर लिहिलं, तेच इथे उतरवते:

सुमिना. छाती ३३, कंबर २७, उंची खांद्यापासून ४०. बाही —

बाही रिकामी आहे. "हात नको," म्हणाली.

"अगं, हाताशिवाय बाही कशी होईल?"

"अंदाजाने घे. लांब कर. मनगटापर्यंत."

"या उकाड्यात?"

"मला थंडी वाजते."

आली त्या दिवसापासून अंगात तोच लोकरी सदरा आहे, बोटांपर्यंत ओढलेला. लंडनची थंडी अंगातून निघायला वेळ लागत असेल. चाळीस वर्षं मापं घेतेय, नजरेने घेतलं तरी अर्ध्या इंचापलीकडे चुकणार नाही. लांब बाह्या बेतल्या.

११ सप्टेंबर

शाळेच्या आदल्या दिवशी केस. इथे शाळेत जाणाऱ्या मुलींचे केस बारीक कापलेले लागतात, त्यात लाडीगोडी चालत नाही. पोरीच्या कमरेपर्यंत बारीक वेण्या.

"या आईने घातल्यात," म्हणाली. "एका रविवारी सात तास लागले."

"वाढतील परत."

"सात तास ती माझ्याजवळ बसते, आजी. एरवी दोन नोकऱ्या असतात तिच्या."

मी कापडाचीच कात्री चालवली, धारदार आहे, ओढत नाही. तिने एकेक वेणी जमिनीवरून उचलली, पुसली आणि उशीच्या अभ्र्यात घातली. मी म्हटलं, उशी टोचेल. म्हणाली, टोचू दे.

संध्याकाळी दुकानातून मीठ आणायला पाठवली तर गल्लीतली पोरं मागे लागली, "ओब्रोनी! ओब्रोनी!" म्हणून, म्हणजे गोरी. माझ्यापेक्षाही काळी माझी नात, पण चालणं परकं, बोलणं परकं.

घरी येऊन म्हणाली, "तिथे मला काळी म्हणायचे. इथे गोरी म्हणतात. मग मध्ये कुठे राहतात, आजी?"

"माझ्या घरात."

तेव्हा हसली. खरं हसली, दात दिसले. पुढच्या दोन दातांत फट आहे, माझ्यासारखीच. मला आधी दिसलीच नव्हती.

१९ सप्टेंबर

छोटी वही केली आहे तिने. आमचे शब्द लिहिते, पुढे इंग्रजीत अर्थ. ये, जा, पाणी, जेव, उन्हाळा. चुलीपाशी बसून डुफीचं बोलणं ऐकते आणि पटकन काहीतरी टिपते. डुफी म्हणते, "ही पोर सरकारची हेर आहे, माझ्या लापशीत पाणी किती ते लिहून घेते."

बिरागोला फोनवर सांगितलं, पोर भाषा शिकते आहे. बिरागो रडली. "बघ आई," म्हणाली, "मी म्हणत होते ना."

२ ऑक्टोबर

आज कापड बेतत होते. तोंडात टाचण्या. ती मागे येऊन उभी राहिली.

"आजी, सुमिना म्हणजे काय?"

टाचण्या हळूच काढून उशीला टोचल्या, तेवढ्यात सुचलं. "सुमिना म्हणजे तू."

"म्हणजे मीच?"

"मग! दुसरं कोण? अख्ख्या घराण्यात ते नाव तुझं एकटीचं."

"डुफी आजी म्हणते मला तिथून उचलली."

"मग खरंच आहे ते. तिनेच उचलली."

तिने वहीत लिहिलं आणि गेली. मी मनात म्हटलं, अफ्राकोमा, काय सफाईने सुटलीस. नियम मोडला नाही, खोटं बोलले नाही, वर पोरीचा मानही ठेवला.

८ ऑक्टोबर

बिरागो म्हणाली होती, पोर खोलीतून बाहेर येत नाही. उगाच. रोज सकाळी मी उठायच्या आत अंगण झाडलेलं असतं आणि केराची टोपली डोक्यावर घेऊन पोर उकिरड्याकडे गेलेली असते. दोन पावलांवर आहे, पण अर्धा-अर्धा तास येत नाही. वाटेत मैत्रीण भेटत असेल. बरंच आहे.

जेवण कमी झालंय. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि मासा दिला तर मासा माझ्या ताटात सरकवते.

१६ ऑक्टोबर

शाळेतून चिठ्ठी आली. लांब बाह्या चालणार नाहीत, सगळ्या मुलींच्या असतात तशाच आखूड हव्यात. बाई बरोबरच सांगतात, गणवेश म्हणजे गणवेश. पोर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. येईपर्यंत दोन्ही ब्लाउजांच्या बाह्या कापून, दुमडून, इस्त्री करून खुंटीला लावल्या. इतकी सुबक दुमड आली, की म्हटलं उद्या अख्खी शाळा विचारेल, कोणी शिवलं.

आली, बघितलं. किती वेळ खुंटीसमोर उभी.

"लोकरीचा सदरा वरून घालू?"

"चिठ्ठीत लिहिलंय, वरून काही घालायचं नाही."

"बरं," म्हणाली.

१८ ऑक्टोबर

आज गेली नाही शाळेत.

काल प्रार्थनेच्या वेळी मुलींनी तिचे हात पाहिले. डुफीच्या नातीने येऊन सांगितलं. रांगच्या रांग बाजूला सरकली म्हणे, आणि कोणीतरी वेडी म्हणालं, मग सगळ्याच म्हणाल्या.

मीही आज पाहिले. अंगावरची चादर मी ओढली, तिने ओढू दिली. मनगटापासून वर, ओळीने. काही जुने, काही अलीकडचे.

"हे काय गं?"

"लंडनमध्ये मांजर होतं."

"बरं," मी म्हटलं.

सरळ रेघ म्हणजे काय, हे शिंपिणीला कोणी शिकवायला नको. मांजर इतकं सरळ ओरखडत नाही. आणि लंडन सोडून दोन महिने होत आले. पण मी बरं म्हटलं आणि चुलीवर पाणी ठेवायला गेले. पाण्याची काही गरज नव्हती.

मुख्याध्यापिकेने दुसरी चिठ्ठी दिली आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टर लारीबा म्हणून आहेत, मनाच्या दुखण्याचं बघतात, त्यांच्याकडे न्या. मी ती चिठ्ठी बटणांच्या डब्यात ठेवली. बिरागोला फोन केला. ती म्हणाली, "आई, चर्चमधल्या कोणाला सांगू नकोस हं." मग म्हणाली, "इथेही होतं ते. मला वाटलं इथली हवाच वाईट."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

२५ ऑक्टोबर

मनाच्या दवाखान्यात गेलो तर अख्खं गाव बघेल. उद्या पोरीच्या लग्नाच्या वेळी हेच निघेल. असं मी म्हटलं, डुफीही म्हणाली. म्हणून डुफीच्या ओळखीच्या प्रार्थनावाल्या बाबांकडे गेलो, ट्रो-ट्रोने, दाटीवाटीच्या भाड्याच्या गाडीने, तासभर. त्यांनी तीन दिवस पोरीला नुसत्या पाण्यावर ठेवलं. मी शेजारी बसून होते, मीही खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "नाव काय?"

मी सांगायच्या आत तीच म्हणाली, "सुमिना."

बाबा हसायला लागले, मग त्यांचे चेलेही. "उकिरड्याला नाव ठेवलंत, मग माश्या बसणारच!" माझं डोकंच फिरलं. त्या नावाने दोन मरणांनंतरची पोर राखली होती मी. भर मंडपात बाबांना नको नको ते सुनावलं, आमच्या भाषेत, भरभर. पोरीला काय कळलं असेल कोण जाणे. तिला हाताला धरून निघाले.

ट्रो-ट्रोत खिडकीशी बसून तिने विचारलं, "त्यांना माझं नाव का नाही आवडलं?"

मी अजून तापलेलीच. "त्याला काय कळतं दगडाला! तुझं नाव अगदी बरोबर आहे. तुला शोभतं."

६ नोव्हेंबर

पोर पुन्हा शाळेत जातेय. गणवेशाचा स्कर्ट गळतो म्हणाली, म्हणून माप घेतलं.

सुमिना. छाती ३१, कंबर २३.

दोन महिन्यांत चार इंच. मी फीत पुन्हा लावली. फीत जुनी झाली की ताणते, ताणली तर माप कमी येतं खरं, पण चार इंच एवढं नाही. दोन चुण्या घालून स्कर्ट आवळला. उद्यापासून लापशीत शेंगदाण्याची पूड घालायची.

१४ नोव्हेंबर

मोठ्या मनाची झाली आहे पोर. कानात घालून गाणी ऐकायचं ते यंत्र डुफीच्या नातीला देऊन टाकलं. चांगले बूट समोरच्या मुलीला. मी म्हटलं, अगं, स्वतःला ठेव काही. म्हणाली, "मला कशाला."

आज तिने माझी मशीन पुसली, तेल घातलं, बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावला. त्यात ती मुख्याध्यापिकेची चिठ्ठी असणार. सापडली असेल तर काही बोलली नाही.

२० नोव्हेंबर

फार दिवसांनी चांगला दिवस. पोर हलकी दिसत होती, जणू ताप उतरला. दोनदा वाढून घेतलं. माझ्या पाठीला तेल चोळलं. म्हणाली, "आजी, तू मला कधी मारलं नाहीस. थँक्यू."

"मारायचं काय, वेडी."

सिस्टर लारीबाकडे जाण्याची काही गरजच नव्हती. वेळ द्यावा लागतो पोरांना, बस.

२१ नोव्हेंबर

डुफीला सापडली.

२४ नोव्हेंबर

लिहिते, कारण बसून नुसतं बघवत नाही. कुमासीच्या मोठ्या दवाखान्यातला बाक आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली नाही. मला वाटलं मैत्रीण. उन्हं उतरली तेव्हा डुफी पातेलं धुतलेलं पाणी फेकायला निघाली होती. उकिरड्याच्या कडेला, जिथे केळीची जुनी पानं टाकतात तिथे, पोर कुशीवर पडलेली. दप्तर उशाला. गणवेश नीट सारखा केलेला. काय घेतलं होतं ते इथे लिहिणार नाही.

डुफीचे गुडघे गेलेले आहेत, दोन पायऱ्या चढताना देवाचं नाव घेते. तिने पोर पाठीवर घेतली, कमरेचं कापड सोडून तान्ह्या बाळासारखी बांधली आणि रस्त्यापर्यंत पळाली. ओरडत होती, "माझी आहे! माझी आहे! गाडी थांबवा!"

दुसऱ्यांदा तिनेच उचलली.

डॉक्टर म्हणतात, श्वास स्वतःचा स्वतः घेते आहे. बाकी थांबून बघू.

२६ नोव्हेंबर

सिस्टर लारीबा आमच्या गावाहून आल्या. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील, उत्तरेकडच्या, गालावर बारीक जन्मखूण. मला वाटलं बोलतील, चिठ्ठी मिळूनही का आला नाहीत. त्या येऊन बाकावर शेजारी बसल्या.

"आजी, दप्तरातली वही मी वाचलीय. तुम्हाला सांगायला हवं. वाचू?"

तीच शब्दांची वही. सिस्टरांनी आमच्या भाषेत करून वाचली. पाणी. ये. जेव. मग एक पान अख्खं:

'सुमिना. शाळेत विचारलं. कचरा टाकायची जागा. आजीला विचारलं, ती म्हणाली, म्हणजे तू. डुफी आजी म्हणते मला तिथून उचललं. सगळे हसतात. आई म्हणूनच मला इथे टाकून गेली.'

पुढे, ऑक्टोबरातलं: 'रोज सकाळी जाऊन बघते. तिथे बरं वाटतं. कोणी काही विचारत नाही.'

बाबांकडून आल्यावरचं: 'आजी म्हणाली, नाव बरोबर आहे, मला शोभतं.'

शेवटचं पान: 'लंडनमध्ये कोणी तोंडावर सांगत नव्हतं. इथले लोक खरं बोलतात. आजी चांगली आहे. तिचा राग नाही.'

सिस्टर थांबल्या. त्यांनी वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आजी, हे दुखणं ती येतानाच घेऊन आली होती. नावाने झालं नाही ते."

"पण नावाने वाढलं."

त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. वहीवर माझा हात होता, त्यावर आपला हात ठेवला.

२७ नोव्हेंबर

पोर जागी आहे. भिंतीकडे तोंड.

काल सांगणार होते, राहिलं. सांगितलं आणि त्या न्यायला येणाऱ्याने ऐकलं तर? बिरागोची दोन गेली आहेत. पंधरा वर्षं तोंड शिवून ठेवलं ते उगाच का? आणि आता तर तो इथेच फिरतो आहे, खाटाखाटांमधून. आज सकाळीच समोरच्या खाटेवरची बाई झाकून नेली. अशा जागी कोणी म्हणतं का, की ही माझी सगळ्यांत लाडकी?

डुफीला बाहेर बोलावून हे सांगितलं. ती नळाखाली तोंड धूत होती. तोंड न पुसताच म्हणाली, "अफ्राकोमा, पंधरा वर्षं आपण त्याला फसवतोय. तो ऐकतच नव्हता गं. आपली पोर ऐकत होती."

२८ नोव्हेंबर

सांगितलं.

झबलं घरून मागवलं होतं. पेटीच्या तळाशी होतं, पिवळं पडलेलं, माझ्या पंजाएवढं. तिच्या हातावर ठेवलं. मग सगळं सांगितलं, तिला कळेल असं, थांबून थांबून, जिथे शब्द अडला तिथे सिस्टरांनी इंग्रजीत सांगितला. आधीची दोन बाळं, त्यांची नावं. पोस्टाने आलेलं झबलं. मागे वळून न बघता परत येणं. डुफीची टोपली.

डुफी म्हणाली, "आणि फळं किडकी होती, सांग तिला. तरी मी घेतली."

पोर झबल्याची शिवण बोटाने चाचपत होती.

"मग कचरा नाही मी?"

"नाही गं माझे आई. तू हवी होतीस म्हणून लपवली."

"मला का नाही सांगितलंस?"

"भ्याले. सांगितलं तर तू जाशील म्हणून."

तिने मान वळवली. डोळे कोरडेच.

"गेलेच होते ना, आजी."

मी मांडी घालून खाली फरशीवरच बसले. बाकावर बसायची लाज वाटली.

२ डिसेंबर

बिरागोचा फोन. रजा मिळत नाही, तिकीट जानेवारीचं बघते आहे, पासपोर्ट आणते, रोज देवापुढे बसते आहे. "तिला दे ना, आई." मी फोन पोरीच्या कानाशी धरला. तिने ऐकलं. शेवटी फोनमधून नुसतं रडणंच येत होतं, मग मी काढून घेतला.

पोरीने माझ्याकडे उशीचा अभ्रा मागितला. घरचा, वेण्यांचा.

१२ डिसेंबर

आठवडा झाला घरी आणून. उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय, सगळ्यावर धुळीचा पापुद्रा, ओठ फुटतात. सिस्टर लारीबा दर मंगळवारी येतात, दोघी आंब्याखाली बसतात. काय बोलतात ते मी विचारत नाही. गोळ्या माझ्या कमरेच्या गाठीला. सिस्टरांच्या सांगण्यावरून सगळ्या कात्र्या डुफीकडे. कापड बेतायचं झालं की खडूने आखते आणि तिच्या अंगणात जाऊन कापून आणते. गिऱ्हाइकं विचारतात, म्हातारे, हे काय नवीन? मी म्हणते, डुफीच्या अंगणात उजेड चांगला आहे.

तिला काय म्हणून हाक मारावी कळत नाही. 'अगं' म्हणते. डुफीही 'अगं' म्हणते. एकाच वेळी दोघी म्हणालो तर ती कोणाकडेच बघत नाही.

सिस्टर म्हणाल्या, बरी झाली असं समजू नका. चांगला दिवस आला तरी लक्ष ठेवा. चांगल्या दिवशी तर जास्तच. वीस नोव्हेंबरचं माझं पान मी त्यांना दाखवलं नाही.

१७ डिसेंबर

जानेवारीत शाळा. मुख्याध्यापिकेला भेटून आले. म्हटलं, माझी नात लांब बाह्या घालेल, जमत नसेल तर आत्ता सांगा, मी इथेच पायरीवर बसते. त्या म्हणाल्या, घालू दे.

घरी आले तर पोर मशीनपाशी उभी होती. फीत तिच्या हातात. तिने लोकरीचा सदरा काढून खुर्चीवर ठेवला, नीट घडी घालून, आणि उजवा हात पुढे केला.

मी फीत खांद्याला लावली, कोपरावरून मनगटापर्यंत आणली. हात गार होता. जिथून जिथून फीत गेली तिथलं सगळं मला दिसलं. मी इंच मोजले, बाकीचं मोजलं नाही. पेन्सिलीने पुढच्या पानावर लिहायला घेतलं आणि अडले.

"वर नाव काय लिहू?"

तिने पानाकडे बघितलं.

"आज नको लिहूस."

मग नाही लिहिलं. तेच इथे उतरवते:

नाव —
छाती ३१. कंबर २३.
बाही लांब, मनगटापर्यंत. साडेबावीस.